बाटली का फुटली?
घरगुती बिअरचे अपघात आणि नीटनेटक्या कपाटाचे विज्ञान

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचे कपाट उघडले आणि आतून आंबूस वासाचा भपकारा आला. खालच्या फळीवर काचांचा सडा पडला होता. वह्या चिकट झाल्या होत्या. वरच्या फळीवरचे एक मोजपात्र फुटले होते आणि काचेचा एक लांबट तुकडा कपाटाच्या लाकडी दारात रुतून बसला होता. आदल्या शनिवारी आम्ही मुलांबरोबर किण्वनाचा प्रयोग केला होता. कोमट साखरपाण्यात पावाचे यीस्ट घालायचे, बाटलीच्या तोंडाला फुगा बांधायचा आणि फुगा कसा फुगतो ते पाहायचे, हा नेहमीचाच प्रयोग. चार बाटल्यांवर फुगे बांधले. उरलेले मिश्रण टाकून कशाला द्यायचे म्हणून सरबताच्या एका काचेच्या बाटलीत भरले, फिरकीचे झाकण घट्ट लावले आणि बाटली कपाटात ठेवली. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. कपाटात नेमके काय आहे हे सोमवारपर्यंत आम्हीही विसरलो होतो.

बाटली रविवारी फुटली असावी. ती सोमवारी, एखादा विद्यार्थी कपाटासमोर वाकलेला असताना फुटली असती तर? हा प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही. हा लेख त्या प्रश्नातूनच लिहिला आहे.

कारण शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की नेमका हाच अपघात जगात असंख्य वेळा झालेला आहे आणि तो ज्यांच्या घरी होतो त्यांनी त्याचा बारकाईने अभ्यासही केलेला आहे. हे लोक म्हणजे घरी बिअर तयार करणारे हौशी मंडळी. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरती बिअर करण्यास मुभा मिळाली. तेव्हापासून त्या देशांत हा छंद स्वयंपाकघरांत आणि गॅरेजांत पसरला. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा येथे बिअरची पाककृती द्यायची नाही, तसा आमचा हेतूही नाही. आपल्याला पाहायचे आहेत ते तिचे बिघाड. कारण या बिघाडांत सूक्ष्मजीवशास्त्र, वायूंचे नियम, घनता, रसायनशास्त्र असे आठवी ते बारावीचे बरेचसे विज्ञान एकत्र येते.

चार पदार्थ, एक सजीव

बिअरला पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले आणि यीस्ट एवढेच लागते. भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की धान्यातील विकरे पिष्टाचे रूपांतर शर्करांत करतात. हा गोड काढा गाळून, हॉप्स घालून तासभर उकळतात. मग तो थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट शर्करा खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हिशोब सोपा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे साखरेचे जवळजवळ निम्मे वजन वायू होऊन निघून जाते. हा ‘निघून जाणारा’ निम्मा भाग ध्यानात ठेवा. त्याला निघून जाता आले नाही तर काय होते, ते पुढे पाहू.

पहिला बिघाड : आंबून गेलेली बिअर

सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त होणारा बिघाड म्हणजे बिअर आंबट होणे. शतकानुशतके याचे खापर हवामानावर, ढगांच्या गडगडाटावर किंवा दैवावर फोडले जात असे. १८५६ साली फ्रान्समधील लील शहरात बिटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबू लागली. तेथील विद्यापीठात शिकवणाऱ्या लुई पाश्चर यांनी दोन्ही प्रकारच्या पिंपांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात गोलसर यीस्टपेशी होत्या, तर बिघडलेल्या पिंपात वेगळ्याच आकाराचे लांबट कण होते. पुढच्याच वर्षी त्यांनी लॅक्टिक आम्लाच्या किण्वनावरील आपला प्रसिद्ध निबंध मांडला. आपल्या घरच्या दह्यात जे काम चालते तेच हे किण्वन. दुधात जे हवेहवेसे, तेच बिअरमध्ये नकोसे! पाश्चर १८७१ साली लंडनमधील एका मोठ्या बिअर कारखान्यात सूक्ष्मदर्शक घेऊन गेले आणि यीस्टचा नमुना पाहून त्यातील भेसळ त्यांनी दाखवून दिली. बिअरवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला.

जिवाणू नसतानाही बिअर बिघडू शकते, हे डेन्मार्कमध्ये कळले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी दाखवले, की यीस्टच्याच अनेक जाती असतात आणि हवेतून येणारी रानटी जात कडवट, दुर्गंधी बिअर करते. त्यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट १८८३ साली कारखान्यात वापरात आले. ती पद्धत कारखान्याने गुप्त न ठेवता इतरांनाही दिली. विज्ञानाच्या इतिहासात हे उदाहरण मुलांना सांगण्यासारखे आहे. आम्लता मोजण्यासाठी आपण ज्या पीएच मापनाचा उपयोग करतो ते सोरेन्सन यांनी १९०९ साली याच प्रयोगशाळेत मांडले.

एका थेंबाची आघाडी

आता एक गणित करू. घरगुती बिअरच्या एका घाण्यात सुमारे २० लिटर काढा असतो. त्यात दर मिलिलिटरला साधारण १ कोटी यीस्टपेशी मिसळाव्यात असा संकेत आहे. म्हणजे एकूण २० हजार कोटी पेशी. या गर्दीत हवेतून एकच जिवाणू पडला तर त्याच्या वंशजांची संख्या तेवढी व्हायला ३७ ते ३८ वेळा दुप्पट व्हावे लागेल. तोपर्यंत यीस्ट काढ्यातील शर्करा संपवते, अल्कोहोल तयार करते, आम्लता वाढवते आणि इतरांना जगणे कठीण करून टाकते.

पण समजा, गेल्या खेपेची रबरी नळी नीट धुतली नाही आणि तिच्या वळणात आंबलेल्या बिअरचा एकच थेंब राहिला. त्या थेंबात ५० लाख जिवाणू आहेत असे धरू. एकापासून ५० लाख व्हायला सुमारे २२ दुपटी लागतात. म्हणजे त्या एका थेंबाने शत्रूला २२ दुपटींची आघाडी आयती दिली. दुपटीला एक तास धरला तर जवळजवळ एक पूर्ण दिवस! मुलांना घातांकांचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

येथेच स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण यांतील फरक कळतो. पुष्कळांना हे दोन शब्द सारखेच वाटतात. भांड्याला चिकटलेला मळ घासून काढणे ही स्वच्छता. उरलेले सूक्ष्मजीव उष्णतेने वा औषधाने मारणे हे निर्जंतुकीकरण. पहिले केल्याशिवाय दुसरे होत नाही, कारण मळाच्या थराखाली जिवाणू सुरक्षित राहतात आणि औषध वरच्या वर वाया जाते. प्लॅस्टिकच्या पिंपाला तारेच्या घासणीने घासू नये असे हौशी मंडळी सांगतात, त्याचे कारणही हेच. प्रत्येक ओरखडा म्हणजे जिवाणूंना लपायला एक दरी.

मग प्रत्येक वस्तू निर्जंतुक करत बसायचे का? नाही. उकळणे ही या कामातील सीमारेषा आहे. उकळण्यापूर्वी वापरायची पातेली, गाळण्या, डाव हे स्वच्छ असले की पुरे. पुढे तासभर उकळायचेच आहे. पण काढा एकदा थंड झाला, की त्याला शिवणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. पिंप, नळी, बूच, तापमापी, चमचा, सर्व काही. म्हणून जाणते लोक आपल्या साहित्याचे दोन ढीग करतात, ‘उकळण्याआधीचे’ आणि ‘उकळल्यानंतरचे’. हे दोन ढीग कधीही एका टोपलीत ठेवत नाहीत.

दुसरा बिघाड : फुटणारी बाटली

आता आमच्या कपाटाकडे वळू. बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत भरताना दर लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर घालतात आणि झाकण लावतात. बाटलीतील यीस्ट ती साखर खाऊन वायू करते आणि तो द्रवात विरघळून राहतो. ३४२ ग्रॅम साखरेपासून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, या प्रमाणात ४ ग्रॅम साखरेपासून साधारण २ ग्रॅम, म्हणजे १ लिटरच्या आसपास वायू मिळतो. खोलीच्या तापमानाला यामुळे बंद बाटलीतील दाब ढोबळमानाने १ वातावरणाने वाढतो. ‘दर लिटरला ४ ग्रॅम साखर, १ वातावरण दाब’ हा अंदाज शँपेन करणाऱ्यांनाही परिचित आहे. ते २४ ग्रॅम घालतात, सुमारे ६ वातावरणे दाब मिळवतात आणि त्यासाठी मुद्दाम जाड काचेची बाटली वापरतात. साखरेचे हे मोजमाप कळण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शँपेनच्या तळघरांत बाटल्या मोठ्या संख्येने फुटत आणि कामगार चेहऱ्याला जाळीचा मुखवटा बांधून वावरत.

घरगुती बिअरमध्ये अपघात होतो तो किण्वन अर्धवट असताना बाटल्या भरल्यामुळे. थंडी पडली, यीस्ट मंदावले, बुडबुडे थांबले, आणि करणाऱ्याला वाटले की काम संपले. काढ्याची घनता सुरुवातीला पाण्याच्या १.०४५ पट असेल तर शेवटी ती १.०१० च्या आसपास यायला हवी. ती १.०२० वर अडकलेली असतानाच बाटल्या भरल्या, तर दर लिटरला सुमारे २० ग्रॅम शर्करा शिल्लक राहते. म्हणजे नेहमीच्या दाबाखेरीज आणखी ५ वातावरणे. मोटारीच्या चाकात हवेचा दाब सुमारे २ वातावरणे असतो. त्याच्या तिपटीहून जास्त दाब एका साध्या बाटलीत! ऊन पडून खोली तापली, की यीस्ट जागे होते आणि एकामागून एक बाटल्या उडू लागतात.

यावर उपाय बुडबुडे पाहणे हा नसून घनता मोजणे हा आहे. त्यासाठी वापरतात ते हायड्रोमीटर म्हणजे दूध तपासायच्या लॅक्टोमीटरचेच भावंड. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे सारखी आली आणि ती अपेक्षेइतकी खाली असली, तरच किण्वन संपले असे समजायचे. मापातही एक मेख आहे. हायड्रोमीटरला वायूचे बुडबुडे चिकटले तर ते वर उचलले जाते आणि माप चुकते. म्हणून ते हलकेच गोल फिरवून बुडबुडे झटकावे लागतात.

आता आमच्या बाटलीचा हिशोब करा. पाव लिटर पाण्यात आम्ही सुमारे २५ ग्रॅम साखर घातली होती. म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. सर्व साखर संपली असती तर दाब किती झाला असता? सुमारे २५ वातावरणे! बाटलीने एवढी वाट पाहिली नाही, यात नवल ते काय?

लहानसहान फजित्या

काही बिघाड इतके गंभीर नसतात, पण शिकवून जातात.

किण्वन जोरात असताना पिंपात फेसाचा जाड थर येतो. पिंपाच्या तोंडावर पाणी भरलेली वळणदार नळी बसवलेली असते. तिला एअरलॉक म्हणतात. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. पण फेसाबरोबर हॉप्सचा चोथा नळीत अडकला तर वाट बंद होते आणि झाकण छतापर्यंत उडते. सुरुवातीचे काही दिवस बारीक नळीऐवजी जाड नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवणे, हा यावरचा सोपा उपाय.

याच्या उलटही घडते. पिंप एकदम थंड केले, की आतील वायू आकसतो आणि एअरलॉकमधील पाणी आत ओढले जाते. ते पाणी घाणेरडे असेल तर सगळे मुसळ केरात! वायू तयार करून पाण्यावर गोळा करताना ज्योत आधी काढली, तर पाणी उलटे परीक्षानळीत शिरते. तोच हा प्रकार.

हिरव्या वा पारदर्शक बाटलीतील बिअर उन्हात राहिली तर तिला उग्र, कुजकट वास येतो. हॉप्समधील कडू द्रव्यांचे प्रकाशामुळे विघटन होऊन गंधकाचे एक संयुग बनते, म्हणून तपकिरी बाटल्या वापरतात. बिअरला दवाखान्यासारखा वास आला तर बहुधा नळाच्या पाण्यातील किंवा न विसळलेल्या ब्लीचमधील क्लोरीनची फिनॉलवर्गीय द्रव्यांशी गाठ पडलेली असते.

सर्वांत घातक चूक मात्र धुण्याच्या वेळी होते. डाग निघावेत म्हणून ब्लीच आणि आम्ल एकत्र केले, तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बाटल्यांवर नावे नसतील तर ही चूक कोणाच्याही हातून होईल. शाळेचे शौचालय धुण्याचे आम्ल आणि ब्लीच एकाच कोपऱ्यात ठेवलेले असते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

कपाट कसे लावावे?

वरचे बिघाड पुन्हा वाचले तर दिसेल, की त्यांतील बहुतेक अज्ञानापेक्षा अव्यवस्थेमुळे होतात. अनुभवी हौशी मंडळींच्या सवयी शाळेच्या प्रयोगशाळेलाही जशाच्या तशा लागू पडतात.

१. वापरलेली वस्तू त्याच दिवशी धुवावी. ओला डाग पाण्याने निघतो, वाळलेला थर घासूनही निघत नाही.

२. भांडी आणि बाटल्या उपड्या ठेवून वाळवाव्यात. रबरी नळ्या गुंडाळून न ठेवता खुंटीवर लोंबत ठेवाव्यात, म्हणजे आतील पाणी निथळते. ओल राहिली की बुरशी आलीच.

३. बुचे, रबरी चकत्या, चिमटे अशा बारीक वस्तूंचा वेगळा डबा करावा आणि आत काय किती आहे याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. ऐन वेळी एक चकती सापडली नाही म्हणून प्रयोग फसतो.

४. तापमापी आणि हायड्रोमीटर आडवे, कापडात ठेवावेत. भरलेली जड काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवू नयेत आणि ओल्या हाताने उचलू नयेत.

५. धुण्याची औषधे मूळ बाटलीतच, नावासह, एकमेकांपासून दूर ठेवावीत.

६. ज्यात काही आहे अशा प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी. आत काय आहे, केव्हा भरले, कोणी भरले.

७. वही ठेवावी. तापमान, घनता, वेळ आणि काय चुकले, सारे लिहावे. न लिहिलेली चूक पुन्हा होते.

वहीचे महत्त्व सांगायला एक उदाहरण पुरे. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा रसायनतज्ज्ञ होता. मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कितपत भरवशाचा, हा त्याचा रोजचा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टपेशी मोजताना होणाऱ्या चुकीवर त्याने १९०७ साली निबंध लिहिला आणि १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जी कसोटी मांडली, ती आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

वर्गात करून पाहा

मद्याचा संबंध न येता स्वच्छतेचे हे सर्व विज्ञान मुगाच्या पाण्यावर दाखवता येते. मूग शिजवून गाळलेले निवळ पाणी पाच सारख्या काचेच्या बाटल्यांत अर्ध्यापर्यंत भरा. पहिली बाटली न धुतलेली, तळाशी जुना डाग असलेली घ्या. दुसरी नुसती विसळलेली. तिसरी स्वच्छ धुतलेली. चौथी स्वच्छ धुऊन, कापसाचा बोळा लावून, पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास उकळलेली. पाचवी तशीच, पण प्रेशर कुकरमध्ये शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवलेली. सर्वांना कापसाचे बोळे लावा, चिठ्ठ्या चिकटवा आणि दिवसातून दोनदा पाण्याचा गढूळपणा नोंदवा.

पहिल्या बाटल्या लवकर गढूळ होतील. चौथीकडे मात्र नीट लक्ष ठेवा. उकळूनही ती काही दिवसांत गढूळ होण्याचा संभव आहे, कारण काही जिवाणूंची बीजुके १०० अंशांना मरत नाहीत. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, तेथे ती टिकत नाहीत. मग बिअर करणाऱ्यांना नुसते उकळणे कसे पुरते? हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवा. उत्तराचे धागे वर आलेले आहेत. उकळल्यानंतर तो काढा रिकामा ठेवत नाहीत. हॉप्सची कडू द्रव्ये अनेक जिवाणूंना रोखतात आणि ताबडतोब मिसळलेले कोट्यवधी यीस्ट आम्लता व अल्कोहोल वाढवून बीजुकांना उगवायची संधी देत नाही. निर्जंतुक करणे हा अर्धा उपाय, जागा आधीच व्यापून टाकणे हा उरलेला अर्धा.

या बाटल्यांचे बोळे मुलांना काढू देऊ नका, वास घेऊ वा चव पाहू देऊ नका. प्रयोग संपला की त्या बोळ्यांसकट कुकरमध्ये वाफवा आणि मगच रिकाम्या करा.

आणि यीस्टचा फुग्याचा प्रयोग? तो बंद करण्याचे कारण नाही. आम्हीही दरवर्षी करतो. फक्त बाटलीच्या तोंडाला फुगाच बांधायचा, झाकण कधीही नाही. उरलेले मिश्रण त्याच दिवशी मोरीत ओतायचे. दारात रुतलेला काचेचा तुकडा आम्ही काढला, पण ती खाच बुजवलेली नाही. दर वर्षी नव्या वर्गाला आम्ही ती दाखवतो आणि विचारतो, ‘ही कशाने पडली असेल?’ मुले तर्क करू लागतात. धडा तेथूनच सुरू होतो.